बिनखात्याची थंडी

महाराष्ट्राचं सरकार वर्षातून एकदाच स्वेटर घालतं, आणि ते नागपूरला. डिसेंबर उजाडला की मंत्रालयातले फायलींचे गठ्ठे ट्रकमध्ये चढतात, कक्ष अधिकारी कपाटातली कानटोपी शोधू लागतात, आणि एरवी घरच्या खुर्चीत बसून सरकार पाडणारे आमच्यासारखे लिहिणारे लोक विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट वेटिंगवर आहे म्हणून सरकारवर आणखी एक लेख पाडतात. २०२४ च्या डिसेंबरात माझं तिकीट ऐनवेळी कन्फर्म झालं. लेख तेवढा वाया गेला.

त्या वर्षी विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन १६ डिसेंबरला सुरू व्हायचं होतं आणि आदल्या दिवशी, रविवारी, नागपूरच्या राजभवनात मंत्रिमंडळाचा शपथविधी होता. कोण मंत्री होणार हे शनिवारी रात्री गाडी सुटेपर्यंत ज्याला त्याला ठाऊक होतं, फक्त होणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या समोरच्या बर्थवर एका आमदारांचे पीए होते. साहेब विमानानं पुढे गेलेले. मागून त्यांचं जाकीट येत होतं. पिस्त्याच्या रंगाचं, नवंकोरं, प्लास्टिकच्या कव्हरात. खिडकीजवळच्या हुकाला ते टांगलं होतं आणि बाजूच्या बाईंनी पिशवी अडकवायला हात पुढे केला तर पीए म्हणाले, "ताई, तिथं नको. उद्या दुपारी चारचं आहे ते."

कसारा घाटात मोबाईलची रेंज गेली, तेव्हा हा माणूस दरवाजात जाऊन उभा राहिला. भुसावळला मध्यरात्र उलटून गेली होती. तरी तो फलाटावर उतरून फोन कानाशी धरून येरझारा घालत होता. शेगावला त्यानं बसल्या जागेवरून गजानन महाराजांना हात जोडले. पहाटे बडनेऱ्याला एकदाचा फोन वाजला. "हो साहेब… नाही साहेब… बरं साहेब." मग त्यानं जाकीट हुकावरून काढलं, नीट घडी केली आणि बॅगेच्या तळाशी घातलं. बाजूच्या बाईंनी एक शब्द न बोलता हुकाला पिशवी अडकवली. राजकीय विश्लेषण म्हणतात ते मी इतकं नेमकं कुठे वाचलेलं नाही.

नागपूर स्थानकाबाहेर पडलो की मुंबईकराला पहिल्यांदा स्वतःचा श्वास दिसतो. दुसऱ्यांदा दिसतो तो ऑटोवाला.

"कुठं जाऊन राहिले, भाऊ?"

"विधानभवनाकडे."

"आतमधी, का मोर्चात?"

"म्हणजे?"

"आतमधी असन तं झिरो माइलपर्यंत सोडतो, पुढं पोलीस जाऊ देत नाही. मोर्चात असन तं यशवंत स्टेडियम. भाडं सारखंच हाये."

राज्यातल्या जनतेची इतकी सोपी आणि समन्यायी विभागणी कुठल्याही आयोगाला जमलेली नाही.

सरकार इथे येतं ते हौसेनं नव्हे, कराराची बांधिलकी म्हणून. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात कबूल केलेलं आहे की, सरकार ठरावीक काळासाठी आपला मुक्काम नागपूरला हलवील आणि विधिमंडळाचं वर्षातून किमान एक अधिवेशन इथे होईल. पुढे १९५६ साली नागपूरचं राजधानीपण गेलं, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि राजधानीच्या बदल्यात शहराच्या वाट्याला हा वार्षिक पाहुणा आला. ठरावीक काळ म्हणजे किती, हे पाहुण्याच्याच मर्जीवर राहिलं. २०२४ साली सोळा ते एकवीस डिसेंबर एवढाच तो झाला. एवढ्या दिवसांत सामान सोडायचं, हुरडा खायचा, विदर्भाचा अनुशेष भरून काढायचा आणि सामान बांधायचं. यातली तीन कामं नेहमी वेळेत होतात.

पाहुण्यासाठी सिव्हिल लाइन्स नटते. रामगिरीवर मुख्यमंत्री, देवगिरीवर उपमुख्यमंत्री, रविभवन आणि नागभवनात मंत्री, आमदार निवासात आमदार आणि आमदारांनी सोबत आणलेला मतदारसंघ, सुयोगमध्ये पत्रकार. सगळीकडे ताज्या रंगाचा वास. आमदार निवासात सकाळी गरम पाण्याच्या बादलीसाठी जी रांग लागते, तिथे मात्र पक्षभेद नसतो. तिथे मी सत्ताधारी आणि विरोधी कार्यकर्त्यांना एकमेकांचा नंबर सांभाळताना पाहिलं आहे.

एकदा सरकारनं ऋतू बदलून पाहिला. २०१८ साली पावसाळी अधिवेशनच नागपूरला भरवलं. ६ जुलैला आभाळ असं फाटलं की विधानभवनात पाणी शिरलं, वीज गेली आणि कामकाज गुंडाळावं लागलं. पाणीटंचाईवर एरवी तासन्‌तास बोलणाऱ्या सभागृहाला पाण्यानं स्वतः येऊन उत्तर दिलं. त्या वर्षीचं हिवाळी अधिवेशन मग मुंबईत उरकलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. खरी थंडी पडली तेव्हा सरकार नेमकं दमट हवेत होतं. अंदाज चुकवण्याच्या बाबतीत हवामान आणि राजकारण यांचं चांगलं जमतं.

तर २०२४. रविवारी ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. सोमवारी अधिवेशन सुरू झालं. आणि खाती? खाती नव्हती. मंत्री होते, लाल दिव्याची हौस कायद्यानं गेली असली तरी गाड्या होत्या, पुष्पगुच्छ होते, पण कुणाकडे काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. रविभवनात एका नव्या मंत्र्यांना भेटायला आलेली माणसं मी तासभर पाहत होतो. साखर कारखान्याचे संचालक म्हणाले, "सहकार तुमच्याकडेच येणार." पाठोपाठ एक कंत्राटदार म्हणाला, "बांधकाम तुमचंच, साहेब." एका गुरुजींनी शिक्षण देऊन टाकलं. मंत्रिमहोदय प्रत्येकाला तेच सांगत होते, "बघू, वरिष्ठ ठरवतील." तासाभरात त्यांच्याकडे इतकी खाती जमा झाली की मुख्यमंत्र्यांनाही हेवा वाटावा.

ज्यांना वगळलं त्यांची थंडी वेगळी. छगन भुजबळांनी १९९१ च्या डिसेंबरात शिवसेना सोडली ती नागपूरच्याच अधिवेशनाच्या दिवसांत. या वेळी मंत्रिमंडळात नाव नाही म्हटल्यावर ते अधिवेशन सोडून नाशिकला निघून गेले. नागपूरच्या हवेत माणसं निर्णय घेतात. मुंबईत ती नुसती नाराज असतात.

सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर विरोधक घोषणा देत होते. पायऱ्यांवरचं राजकारण दहा-पंधरा मिनिटांत, कॅमेऱ्यांची गर्दी असेतो, उरकायचं असतं. त्या आठवड्यात आत मात्र बीड जिल्ह्यातल्या सरपंचाचा खून आणि परभणीतला कोठडीतला मृत्यू, असे विषय आले की पत्रकार कक्षातली कुजबुजही थांबायची. तेवढ्यापुरतं कुणाला कोणतं खातं मिळणार याची चर्चा करायची लाज वाटायची.

बाकी बातम्यांचा कारखाना कस्तुरचंद पार्कच्या बाजूला, तर्री पोह्यांच्या गाड्यावर. ताटलीत पिवळे पोहे, त्यावर डावभर चण्याचा रस्सा. रस्सा उचलताना डाव कढईच्या तळाशी घातला तर चणे येतात आणि वरच्यावर फिरवला तर लाल तर्री. गाडेवाला माणूस पाहून डाव घालतो. मुंबईचा दिसला की तळाशी. वर चिवडा, बारीक कांदा, लिंबू. पहिल्या घासाला कान गरम होतात, दुसऱ्याला नाक वाहू लागतं, आणि तिसऱ्या घासानंतर माणूस मनातलं खरं बोलू लागतो. वाहिन्यांवर 'खात्रीलायक सूत्रांनी दिलेली माहिती' म्हणून जे झळकतं त्यातलं बरंचसं इथे तिसऱ्या घासाला बाहेर पडलेलं असतं. गाडेवाल्याला मी विचारलं, "गृह कुणाला जाईल?" तो म्हणाला, "कोणालेही जाऊ द्या. गाडा उचलायले तेच पोलीस येतात."

खरं अधिवेशन भरतं ते रस्त्यावर. अंगणवाडी सेविका, कंत्राटी कर्मचारी, विनाअनुदानित शाळांतले शिक्षक, धान आणि कापूस पिकवणारे शेतकरी झेंडे घेऊन निघतात आणि टेकडी रोड किंवा मॉरिस कॉलेज टी पॉइंटला बॅरिकेडपाशी अडतात. याच टी पॉइंटला २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. आपलं म्हणणं ऐकायला कुणीतरी बाहेर येईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. इथून जाणारा प्रत्येक मोर्चा त्यांच्या स्मारकाच्या आसपास पावलं टाकतो, म्हणून या गर्दीची थट्टा करताना माझीही जीभ अडखळते. मुंबईतलं मंत्रालय गडचिरोलीच्या माणसाला परदेशाइतकं लांब. वर्षातून हे काही दिवसच सरकार त्याच्या चालत जाण्याच्या टप्प्यात येतं, आणि बॅरिकेड बरोबर त्या शेवटच्या चार पावलांवर लावलेलं असतं.

बॅरिकेडजवळ रुमालानं कान बांधलेले एक शिक्षक संत्रं सोलत बसले होते. गडचिरोलीतल्या कोरचीकडची विनाअनुदानित शाळा. शिष्टमंडळात आत जाऊन, निवेदन देऊन नुकतेच बाहेर आलेले. अर्धं संत्रं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

"कुणाला दिलं निवेदन, सर?"

"एका मंत्र्याले."

"अहो, पण शालेय शिक्षण मंत्री अजून ठरलेच नाहीत. ज्यांना दिलंत त्यांना खातंच नाही."

"म्हणूनच तं दिलं," सर शांतपणे बी थुंकत म्हणाले. "आतापर्यंत जो शिक्षणवाला भेटला, त्यानं वित्तवाल्याकडं पाठवलं. वित्तवाल्यानं शिक्षणवाल्याकडं. याले खातंच नाही, तं हा ढकलन कोणाकडं? तीन वेळा 'बघतो' म्हणे. इतकं कोणी ऐकलं नव्हतं."

२१ डिसेंबरला अधिवेशन संपलं आणि त्याच रात्री खातेवाटप जाहीर झालं. ढकलायची रीतसर सोय झाली, आणि राज्याचा कारभार पूर्ववत सुरू झाला.