रेनकोट घातलेला आणि न घातलेला

सह्याद्रीत कुत्रा बरोबर नेता येत नाही. कुत्रा आपल्याला नेतो. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही तो एकतर पहिल्यांदाच गडावर निघालेला असतो, नाहीतर आमचा मेव्हणा असतो.

मेव्हण्याकडे लॅब्रॅडोर आहे. नाव ऑस्कर, वजन बत्तीस किलो, मुक्काम नववा मजला. सकाळी लिफ्टनं खाली यायचं, सोसायटीच्या बागेला दोन फेऱ्या मारायच्या आणि मग लिफ्टच्या दारात बसकण मारायची, एवढाच त्याचा गिर्यारोहणाचा अनुभव. पण मेव्हण्यानं कुठल्याशा व्हिडिओत स्कॉटलंडमधली माणसं पाहिली. धुकं, वारा, डोंगराची धार आणि पुढे ऐटीत चाललेला कुत्रा. झालं. लगेच फोन.

"दाजी, ऑस्करला डोंगर दाखवायचाय."

"पर्वती दाखव ना."

"राजगड-तोरणा करू म्हणतोय. एका दिवसात."

राजगड-तोरणा म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांच्या गुडघ्यांना विचारावं. गुंजवण्यातून निघून चोरदरवाजानं राजगड चढायचा, पद्मावती माचीवर दम खायचा, अडीच किलोमीटर लांबीची संजीवनी माची संपेपर्यंत चालायचं, अळू दरवाजातून बाहेर पडून उतरायचं आणि समोर दिसणाऱ्या तोरण्याकडे सोंडेसोंडेनं निघायचं. 'समोर दिसणाऱ्या' हे आपलं म्हणायला. श्रावणात तोरणा दिसतो तो दोन मिनिटं आणि नेमकी ती दोन मिनिटं आपण बुटाची नाडी बांधत असतो. 1403 मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला बघताबघता गडप होतो आणि शहाणीसुरती माणसं केवळ श्रद्धेच्या बळावर त्याच्याकडे चालत राहतात.

मोबाइलमधल्या हवामानानं त्या दिवसासाठी एक सूर्य, सूर्याच्या मागे ढग, ढगाखाली तीन थेंब आणि शेजारी एक वीज दाखवली होती. काहीही झालं तरी त्यांचं बरोबरच.

गुंजवण्यात उजाडता उजाडता आम्ही गाडीतून उतरलो. मी, मेव्हणा, कॉलेजात जाणारा भाचा, त्याचे दोन मित्र आणि ऑस्कर. ऑस्करच्या अंगात पिवळा रेनकोट होता आणि चारही पायांत रबरी बूट. आता लॅब्रॅडोर ही मूळची न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची जात. त्यांचे पूर्वज बर्फासारख्या पाण्यात उड्या मारून मासे आणि जाळ्यांचे दोर ओढून आणायचे. अंगावर केसांचे दोन थर, आतला ऊबदार, बाहेरचा तेलकट. बोटांच्या मधे बदकासारखे पडदे. निसर्गानं एवढी तयारी करून पाठवलेल्या प्राण्याला मेव्हण्यानं वरून रेनकोट घातला होता. ऑस्कर एकेक पाय उचलून बुटाकडे बघत होता आणि पुन्हा खाली ठेवत होता.

समोरच्या हॉटेलच्या पायरीवर दुसरा एक कुत्रा हे सगळं बघत पडला होता. तांबूस रंग, बरगड्या मोजता येतील असं अंग, उजव्या कानाचा शेंडा कुणीतरी नेलेला. आम्ही चहा सांगितला तेव्हा तो उठला, सावकाश अंग ताणलं आणि आमच्या पाठीवरच्या सॅका एका ओळीत तपासायला लागला. प्रत्येक सॅकेच्या खालच्या कप्प्याला नाक लावायचं, एक क्षण थांबायचं, पुढे जायचं. शेजारी मुंबईचा वीसेक जणांचा ग्रुप ओळख परेड करत उभा होता. त्यांच्याही दोन-तीन सॅका त्यानं बघितल्या. मग परत येऊन भाच्याच्या सॅकेपाशी बसला. तीत दशम्या आणि तूप होतं. निवड झाली होती.

श्रावण हा या मंडळींचा वाईट महिना. गटारीपर्यंत गडावर चिकन येतं, उकडलेली अंडी येतात, माणसं उदार असतात. श्रावण लागला की सगळा महाराष्ट्र एका रात्रीत शेंगदाण्याची चिक्की आणि साबुदाण्याच्या खिचडीवर येतो. कुत्र्यांनी यात कुठलं पाप केलंय कळत नाही. त्यांचा उपवास मात्र कडक. भाद्रपदात ग्रुप पुन्हा सामिष होतात तर नेमक्या तेव्हाच कुत्र्यांना इतर कामं निघतात.

त्याचं नाव काय, हा प्रश्न भाच्यानं हॉटेलवाल्याला विचारला. हॉटेलवाला म्हणाला, "तुमी ठेवाल ते." हे खरंच तसं आहे. चढताना खाली उतरणारे लोक भेटत होते आणि प्रत्येक जण आमच्या वाटाड्याला ओळखत होता. कुणी शेरू म्हणालं, कुणी टायगर. चिंचवडच्या दोन मुली "अगंबाई, हा तर आपला भाऊराव!" म्हणून धावत आल्या. तो सगळ्यांना ओळख देत होता, पण हाकेला नाही. बिस्किटाच्या कागदाच्या आवाजाला. मेव्हणा तेवढा वेळ ऑस्करला "सिट, ऑस्कर! हील, ऑस्कर!" असं इंग्रजीत समजावत होता. ऑस्कर हील झाला नाही. गावठी मात्र 'सिट'ला दोनदा बसला. मुंबईच्या ग्रुपांकडून शिकला असणार. आता तर राजगड 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. परदेशी पाहुणे वाढले की हा फ्रेंचमध्येही बसेल.

चोरदरवाजाच्या खालच्या कातळात लोखंडी कठडे आहेत. माणसं कठड्याला धरून, दगडाला धरून, पुढच्याच्या सॅकेला धरून चढतात. ऑस्करच्या बुटांना कातळ धरवेना. पुढचे दोन पाय वर, मागचे दोन भाच्याच्या खांद्यावर, अशी वरात निघाली. गावठी दहा पायऱ्या पुढे जाऊन खाली बघत उभा. त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी या आधी पीएमपीच्या कंडक्टरच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

पद्मावती माचीवर ऊन पडलं. इतकं स्वच्छ की तळ्यात आभाळ दिसायला लागलं. मेव्हण्यानं विजयी मुद्रेनं ऑस्करचा रेनकोट काढून वाळत घातला. ताक विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "घालूनच ठिवा." आम्ही हसलो. गावठी मात्र ताकाच्या हंड्यापासून उठला, शांतपणे देवळाच्या भिंतीच्या पूर्वेकडच्या अंगाला गेला आणि शेपटीत नाक खुपसून वेटोळं करून बसला. पाच मिनिटांत पश्चिमेकडून ढगाची भिंतच्या भिंत आली आणि पाऊस आडवा झोडपायला लागला. पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून येतात, म्हणजे आडोसा कुठल्या बाजूला घ्यायचा, हे मी भूगोलात पाच मार्कांसाठी लिहिलेलं होतं. तरी सगळे पळालो ते भिंतीच्या पश्चिमेला.

रेनकोट उडून तळ्यात गेला होता. भाच्यानं तो काढला, पिळला आणि ऑस्करला परत घातला. आता एक नवीनच भानगड झाली. गळ्यापाशी आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाटच नव्हती. ऑस्कर चालला की पोटाशी डुचुक डुचुक आवाज यायचा.

ओला कुत्रा अंग झटकतो यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी काम केलंय. वेगवान कॅमेरे लावून त्यांनी मोजलं: लॅब्रॅडोर सेकंदाला चारेक वेळा हेलकावे घेतो, उंदीर तीसेक वेळा. प्राणी जेवढा लहान तेवढा झटका जलद, कारण लहान अंगावरचं पाणी उडवायला जास्त वेग लागतो. काम चांगलंच आहे. फक्त त्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटलेली दिसते. कुत्रा भिजला की लगेच झटकत नाही. आधी कोरडा माणूस शोधतो, त्याच्या अगदी जवळ येतो, प्रेमानं वर बघतो आणि मग झटकतो. गावठ्यानं मला निवडलं.

संजीवनी माचीवर धुकं एवढं दाट झालं की पुढच्या माणसाचा फक्त आवाज ऐकू येत होता, आणि पुढचा माणूस मेव्हणा असल्यामुळे तो सतत ऐकू येत होता. दोन्ही अंगांना तटबंदी, तटाच्या खाली काय ते न दिसलेलंच बरं. अळू दरवाजाच्या पुढे वाट दोन ठिकाणी फुटते, त्यातली एक ढोरवाट. ढोरं जिथे जातात तिथे त्यांचं काम असतं, आपलं नसतं. भाच्यानं मोबाइल काढला. नकाशावर निळा ठिपका होता, ठिपक्याभोवती भलंमोठं निळं वर्तुळ. म्हणजे तुम्ही याच तालुक्यात आहात, एवढं नक्की. गावठी पुढे गेला, दिसेनासा झाला. शिटी वाजवली, नाव माहीत नसल्यामुळे सगळी नावं घेऊन झाली. मग भाच्यानं दशमीचा डबा उघडला. झाकणाचा आवाज होताच उजवीकडच्या कारवीतून तो तुटका कान वर आला. आम्ही उजवीकडे वळलो.

कुत्र्याबरोबर डोंगर चढल्याची आपल्याकडची नावाजलेली नोंद महाभारतात आहे. पाच पांडव, द्रौपदी आणि एक कुत्रा. आधी द्रौपदी गळाली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम, आणि लीडर मागे वळून बघायला तयार नाही. आज कुणी असा ट्रेक काढला तर रिव्ह्यूत एक ताराच मिळायचा. कुत्रा तेवढा शेवटपर्यंत टिकला. वर इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला प्रवेश नाही. युधिष्ठिर अडून बसला, मग तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मच निघाला वगैरे. व्यासांच्या शब्दावर शंका घ्यायची माझी टाप नाही. पण तिथे गुंजवण्याचा कुत्रा असता तर त्यानं आधी रथाच्या मागच्या बाजूला शिदोरी काय आहे ते हुंगून घेतलं असतं आणि स्वर्गाचं नंतर ठरवलं असतं. (रायगडावरच्या वाघ्याबद्दल मी मुद्दामच काही लिहीत नाही. तो विषय गडावर काढला की पावसाआधी वाद कोसळतो.)

उतार संपून धार सुरू झाली तशी पुन्हा ऊन. हिरव्यागार सोंडेवर वाफा निघायला लागल्या, समोर तोरणा आला, मी नाडी बांधत होतो. आणि पुढे धनगरवाडा लागला.

इथे आमच्या वाटाड्याचं रूप पालटलं. वाड्यावरची तीन दांडगी कुत्री उठून वाटेवर आली. आमचा शेरू, टायगर, भाऊराव, जो काय होता तो, हद्द संपलेल्या फौजदारासारखा एकदम बारीक झाला. शेपूट पोटाशी, कान मागे, आणि थेट ऑस्करच्या रेनकोटाखाली. खरंच खाली. पिवळ्या झुलीखालून आठ पाय चालत होते, त्यातल्या चारांत बूट होते. वाड्यावरची कुत्री असलं जनावर बघून जागच्या जागी थांबली. त्यांच्या मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "काय करत न्हाईत ती, पळू नका फकस्त." साऱ्या महाराष्ट्रात हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा चावऱ्या कुत्र्याच्या मालकानं उच्चारलेलं असेल. पण त्या दिवशी खरंच काही केलं नाही. रेनकोटाचा एवढा एकच उपयोग झाला, आणि तो दुसऱ्यालाच.

खिंडीत वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता धारेला आडवा येतो. ऑस्करनं डांबर बघितलं आणि बसला. 'कम' म्हणून झालं, 'गुड बॉय' म्हणून झालं, तूप लावलेली दशमी झाली. दशमी खाल्ली, उठला नाही. तेवढ्यात वेल्ह्याकडे निघालेला दुधाचा टेम्पो आला. टेम्पोवाल्यानं मागचं फळकं पाडलं मात्र, बत्तीस किलोचा तो देह कुणाच्याही मदतीशिवाय आत गेला आणि कॅनच्या मधे मान टेकवून पडला. मेव्हणाही चढला. "दाजी, त्याला एकटं कसं सोडू?" त्याच्या बुटांतून पाणी गळत होतं आणि चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

उरलेला तोरणा आम्ही चौघांनी आणि गावठ्यानं केला. दोन सरी, एक इंद्रधनुष्य, पुन्हा धुकं. बुधला माचीच्या आधी कातळाला लोखंडी शिडी लावलेली आहे. कुत्रा तिथून कसा येणार, ही मला सकाळपासून काळजी. आम्ही शिडीला हात घातला तेव्हा तो खाली होता. वर पोचलो तेव्हा तो वर बसून पायाचा पंजा चाटत होता. कुठून आला ते त्यानं सांगितलं नाही. मेंगाई देवीच्या देवळापाशी शेवटची दशमी वाटून खाल्ली, त्यात त्याचा वाटा माझ्यापेक्षा मोठा होता.

वेल्ह्यात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हॉटेलात ऑस्कर पंख्याखाली आडवा, मेव्हणा मिसळीच्या दुसऱ्या प्लेटवर. गावठी सरळ गल्ल्यापाशी जाऊन बसला. हॉटेलवाल्यानं फडताळातून बिस्किटाचा पुडा काढला, फोडला आणि त्याच्यापुढे ओतला. मला गलबलून आलं. म्हटलं, "हा आता परत गुंजवण्याला कसा जाणार हो? एवढा डोंगर, रात्र, बिबट्या..."

"जातोय कशाला? पडवीत झोपतो हितंच. उद्या तोरणा-राजगडवाले येतील, त्यांना घिऊन जाईल की."

मी बिल मागितलं. चहा, मिसळ, वडापाव, पाण्याच्या बाटल्या आणि खाली बिस्किटपुडा एक.

"हा पुडा कुणी घेतला?"

"त्यानं. ज्यांच्याबरूबर उतरतो त्यांच्या बिलात लावतो." मग वहीत बघून म्हणाला, "मागच्या ऐतवारचा पण एक ऱ्हायलाय. ती पोरं गाडी आली म्हणून पळाली."

मी दोन पुड्यांचे पैसे दिले.