घाटकरी

पंढरीला जातो तो वारकरी. रविवारी पहाटे सोलापूरहून सायकलवर तुळजापूरचा घाट चढायला जातो तो घाटकरी. वय साधारण पस्तीस ते पंचावन्न. सोमवार ते शनिवार तो डॉक्टर, प्राध्यापक किंवा चादरींचा व्यापारी असतो; रविवारी फक्त ‘रायडर’.

घाटकऱ्याची मूळ अडचण भौगोलिक आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर, आणि ताटासारखे सपाट. विजापूर रस्ता धरा नाहीतर अक्कलकोट रस्ता, दोन्हीकडे ज्वारीच. मिरवण्याजोगा चढ एकच: 45 किलोमीटरवर, बालाघाटाच्या कडेला, शहरापेक्षा सुमारे दोनशे मीटर उंचावर असलेल्या तुळजापूरचा. पुणेकराला घाटांत निवड करता येते. घाटकऱ्याला एकाच घाटाशी संसार करावा लागतो. म्हणून तो वर पोचतो, खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. याला तो ‘रिपीट’ म्हणतो. टपरीवाला मात्र विचारतो, ‘‘खाली काय इसरलं वं?’’

सायकलीबद्दल थोडे. घाटकऱ्याचे आजोबा 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीत भोंग्याच्या वेळेला सायकलवर जात. त्या सायकलला कॅरिअर होते, मडगार्ड होते, घंटी होती आणि स्टँड होता. नातवाच्या सायकलला यांतले काहीच नाही, म्हणून ती महाग आहे.

निघण्याची वेळ ऋतूवर ठरते. उन्हाळ्यात पारा 42 अंशांपलीकडे जातो, तेव्हा साडेचारला निघून दहाच्या आत घर गाठावे लागते. पावसाळ्यात प्रश्न वाऱ्याचा. नैर्ऋत्येचा वारा जाताना पाठीशी असतो आणि घाटकऱ्याला आपला सराव फळाला आल्याचा साक्षात्कार होतो. परतीला तोच वारा तोंडावर येतो. तेव्हा दोष टायरमधल्या हवेला दिला जातो. हिवाळा सर्वांत सुखाचा, पण त्या दिवसांत वाटेवर हुरडा असतो, आणि हुरड्याच्या शेतात शिरलेला घाटकरी वेळेत परतल्याचे उदाहरण दुर्मीळ.

एवढा खटाटोप कशासाठी, याला त्याच्याकडे उत्तर आहे: ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. चारही एका हंगामात केले की ‘सुपर रँदोनर’. त्यापुढे दर चार वर्षांनी होणारी पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, सुमारे 1,200 किलोमीटरची, जास्तीत जास्त नव्वद तासांची. हिचा उगम 1891 च्या शर्यतीत आहे. वाटेतल्या तामलवाडीच्या चहावर पॅरिसची चर्चा इतकी रंगते, की घाट अजून पुढे आहे हे ध्यानात राहत नाही.

रस्त्याला मात्र पॅरिस ठाऊक नाही. या रस्त्याने कोजागरीला हजारो माणसे रात्रभर पायी चालत तुळजापूर गाठतात, कित्येक अनवाणी. त्यामुळे घाटात घामाघूम झालेला माणूस दिसला, की बघणारा एकच निदान करतो: ‘‘नवस हाय का?’’ सुरुवातीला घाटकरी ‘हार्ट रेट’ समजावून सांगतो. दुसऱ्या वर्षापासून नुसता ‘‘हो’’ म्हणतो, दम वाचतो.

प्रत्यक्ष दर्शनाचे मात्र राहून जाते. बुटांच्या तळाला पॅडलमध्ये अडकणारी खुंटी, देऊळ पायऱ्या उतरून खाली, आणि स्टँड नसलेली सायकल कोणाच्या भरवशावर ठेवायची? तो रस्त्यावरूनच हात जोडतो आणि उतार धरतो. शहरात शिरेपर्यंत 98.6 किलोमीटर भरतात. शतकासाठी उरलेले तो आपल्याच कॉलनीत गोल फिरून पुरे करतो.

घरी शतकाची चौकशी होत नाही. आई दारातच विचारते, ‘‘देवीचं कुंकू आणलंस?’’ म्हणून मुरलेला घाटकरी ओळखायची खूण सोपी आहे: त्याच्या जर्सीच्या मागच्या खिशात, जिथे नवखे लोक एनर्जी जेल ठेवतात, तिथे कुंकवाची पुडी असते.