तारभक्त

देवभोळ्या माणसांची आमच्या भागात कधीच वाण नव्हती. आषाढात धापेवाड्याच्या विठोबाला न चुकता जाणारे आहेत, चतुर्थीला आदाशाचा गणपती गाठल्याखेरीज तोंडात अन्नाचा कण न घालणारेही आहेत. परंतु खाप्याच्या शिवेवर भर दुपारी उभे राहून, मान मागे टाकून, टोपी पाठीमागे गळून पडली तरी तिचे भान न ठेवता आकाशातील तारा मोजणारा जो एक नवा संप्रदाय अलीकडे उदयास आला आहे, त्याच्या दैवताला देऊळ नाही, पुजारी नाही, आणि चरणस्पर्शाची तर सक्त मनाई आहे. कवटी व दोन हाडे रंगविलेली तांबडी पाटी आणि तिच्या वर वेढलेली काटेरी तार इतकेच त्या दैवताचे महाद्वार! या उपासकाला गावात ‘टॉवरवाला’ म्हणतात. आपण त्याला तारभक्त म्हणू.

कन्हानकाठच्या या गावात कोष्ट्यांच्या मागांवर सूत मोजता मोजता पिढ्या गेल्या, तेव्हा धाग्यांच्या हिशेबाचे हे वेड त्याच्या रक्तातच उतरले असावे, असे मला पुष्कळदा वाटते. शिवाय मुक्कामही त्याला फार सोयीचा मिळाला आहे. कोराडी आणि खापरखेडा ही विजेची दोन मोठी जन्मस्थाने आपल्याच जिल्ह्यात. तेथून निघणाऱ्या वाहिन्या वावरे, नाले आणि संत्र्यांच्या बागा ओलांडीत दिगंताकडे चालू लागतात, तेव्हा तारभक्ताला घरची वाट आठवत नाही. सायकल बांधावर आडवी टाकून तो खिशातून वही काढतो, मनोऱ्यावरील क्रमांकाची पाटी उतरवून घेतो, आणि मग चिनी मातीच्या किंवा काचेच्या चकत्यांची माळ मोजू लागतो. 9 भरल्या तर 132 किलोव्होल्ट, 13-14 भरल्या तर 220, आणि 23 भरल्या म्हणजे 400! तेविसावी चकती हाती लागली की त्याच्या मुद्रेवर जे समाधान पसरते, ते मी फक्त मुलीचे लग्न पार पडलेल्या बापाच्या चेहऱ्यावरच पाहिलेले आहे.

तथापि या भक्तीत समदृष्टी शोधू नये. आपल्याकडे कोणताही संप्रदाय उच्चनीचतेवाचून फार दिवस टिकत नाही, तो येथे कसा टिकावा? गावातील गल्लीबोळांतून फिरणारी 11 किलोव्होल्टची तार ही त्याच्या लेखी पायरीबाहेरची. 33ला तो ओळख दाखवितो, पण बसा म्हणत नाही. 132 म्हणजे खाऊनपिऊन सुखी असे कुलीन घराणे, 220 सरदार, 400 संस्थानिक. आणि तिरोड्याहून कोराडी व अकोल्यावरून तेव्हाच्या औरंगाबादेकडे गेलेली 765 किलोव्होल्टची वाहिनी म्हणजे साक्षात सार्वभौम सत्ता, जिचे नाव घेताना तो आवाज खाली आणतो. 2005 साली वीज मंडळाची वाटणी झाली, मोठे मनोरे महापारेषणाकडे गेले आणि दारापर्यंत येणारे खांब महावितरणाच्या वाट्याला आले, तेव्हा सारा गाव बिलाचे काय होणार या विवंचनेत असता हा मात्र ‘थोरल्या पातीला न्याय मिळाला’ म्हणून पेढे वाटीत होता.

मनोऱ्यांतही त्याने प्रकृतिभेद पाहिलेले आहेत. सरळ रेषेतला मनोरा तारा नुसत्या टांगून धरतो, त्याची चकत्यांची माळ उभी लोंबते. जेथे वाहिनी वळण घेते तेथील मनोरा मात्र दोन्हीकडचा ताण अंगावर घेतो, त्याच्या माळा आडव्या असतात, हाडे जाड असतात आणि पायांतील अंतरही मोठे असते. पहिला ‘ए’ जातीचा. साठ अंशांपर्यंतचे वळण सोसणारा ‘डी’ जातीचा. ‘ए’ म्हणजे सज्जन, ‘डी’ म्हणजे कर्ता पुरुष, असे तो म्हणतो. पुतण्यासाठी मुलगी पाहावयास गेला असता, पोह्यांची बशी हातात धरून हा गृहस्थ खिडकीबाहेरच्या ‘डी’कडे एकटक पाहत राहिला. मुलीला विचारावयाचे ते सारे प्रश्न बाजूला ठेवून त्याने तिच्या वडिलांना विचारले, ‘‘ही वाहिनी पुढे कोणीकडे जाते हो?’’ सोयरीक मोडली, पण वाहिनीचा ठावठिकाणा लागला.

तारांची नावे हा त्याचा आणखी एक विसाव्याचा विषय. ॲल्युमिनियमच्या पेडांच्या पोटात पोलादाचा गाभा घातलेल्या या तारांना अभियंत्यांनी जनावरांची नावे दिलेली आहेत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. गावच्या खांबांवरून ससा धावतो, थोडा जाड झाला की कुत्रा होतो. 132वर बिबट्या, 220वर झेब्रा आणि 400वर मूस नावाचे उत्तरेकडील अवाढव्य सांबर जोडीजोडीने पळते. तारभक्त हे सारे अस्सल इंग्रजीतच उच्चारतो, त्यामुळे ‘‘आपल्या वावरावरून दोन मूस गेले’’ असे ऐकून एका म्हाताऱ्याने रात्रभर तुरीची राखण केली.

शेतकऱ्यांशी त्याचे कधी पटले नाही. ज्याच्या शेतात मनोऱ्याचे चार पाय रोवले जातात, त्याचा तारभक्ताला मनस्वी हेवा वाटतो. सातबारा त्याच्याच नावे राहतो, जमीन संपादन होत नाही, आणि मनोरे रोवण्याचा हा सारा अधिकार 1885 सालच्या तारायंत्राच्या कायद्याच्या आधारे बजावला जातो, ही माहिती तो धन्याला मोठ्या कौतुकाने ऐकवितो. धनी नुकसानभरपाईच्या अर्जांनी आधीच त्रासलेला. ‘‘तुले एवढं आवडते, तं घेऊन जा न तुह्या घरी,’’ तो म्हणाला. ‘‘माह्या वावरात ट्रॅक्टर फिरवाले जागा नाही राहिली, अन् तू मले कायदा सांगतं?’’ यावर तारभक्ताने विनयपूर्वक विचारले, की मनोऱ्याच्या पायात जरा सावलीला बसू का.

या वेडात तो एकटा नाही, एवढा त्याला दिलासा आहे. इंग्लंडात 1928च्या सुमारास तेथील पहिल्या राष्ट्रीय जाळ्याच्या मनोऱ्याचा नमुना रेजिनाल्ड ब्लोमफील्ड नामक एका बड्या वास्तुविशारदाकडून पसंत करून घेतला होता, आणि त्या देशात मनोऱ्यांची वाहवा करणारी ‘पायलॉन ॲप्रिसिएशन सोसायटी’ रीतसर स्थापन झालेली आहे, हे त्याने पाहुण्यांना इतक्यांदा ऐकविले आहे की पाहुणे येईनासे झाले. आयुष्यात एकदा चंद्रपूर ते पडघे ही यात्रा पायी करावी, असा त्याचा संकल्प आहे. 1999 साली सुरू झालेली ही 752 किलोमीटरची वाहिनी एकदिश प्रवाहाची. तीनऐवजी दोनच तारासमूह, उणे आणि अधिक पाचशे किलोव्होल्ट. ‘‘द्वैत पाहायचे तर तेथे पाहा,’’ म्हणतो. एकदा तो पाठीला पिशवी लावून निघालाही होता. नागपूरच्या बसस्थानकावर भावाने गाठला.

आता यातली गंमत अशी, की ज्या महाशक्तीची तो आराधना करतो ती त्याच्या डोक्यावरून निघून जाते. खाली उतरावयास तिला उपकेंद्र लागते, रोहित्र लागते आणि शेवटी तो 11 किलोव्होल्टचा उपेक्षित खांबच लागतो. भारनियमनाच्या दिवसांत घरात कंदील लागलेला, डीपी उडालेली, बायको हातपंख्याने मुलाला वारा घालते आहे, आणि हा अंगणात उभा राहून पावसाळी हवेत दूरच्या 400च्या तारांचा गुणगुणणारा आवाज ऐकत, ‘‘भरून चालली आहे,’’ असे धन्यतेने सांगतो. फ्यूजची तार त्याला घालता येत नाही. ते काम शेजारचा पोरगा करतो, आणि तोवर हा त्याला ठिणगी म्हणजे काय ते समजावून देतो.

गेल्या वर्षी त्याने एका कार्यालयात सात पानी अर्ज रुजू केला. गावाच्या शिवारातील एक जुना मनोरा ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर करून दफ्तरी नोंदवावा, त्याच्या चार पायांभोवती कठडा बांधावा आणि दर्शनाची वेळ ठरवून द्यावी, अशी त्यात विनंती होती. सोबत नकाशा, चकत्यांचा तक्ता आणि पंचांच्या सह्याही होत्या. तीन महिन्यांनी अर्ज परत आला. कारकुनाने कोपऱ्यात लाल शाईने शेरा मारला होता : ‘अर्जदाराचे घरगुती वीजबिल थकीत असल्याचे दिसते. भरणा करून पावतीसह फेरसादर करावे.’ तारभक्ताने तो शेरा गावभर दाखविला. प्रकरण अखेर विजेच्या खात्यात जाऊन पोचले, यातच त्याला सर्व काही पावले होते.