आयत्या वेळचा विषय

आमच्या एसटी स्टँडसमोर वर्षभर दोनच प्रकारचे फ्लेक्स लागतात, वाढदिवसाचे आणि दशक्रियेचे. त्यामुळे गेल्या जूनमध्ये तिथे नानांचा फोटो दिसला तेव्हा लोकांनी आधी दशक्रियेचा वार शोधला. वार नव्हता. गांधी टोपी, पांढरा सदरा, हात मागे बांधलेले, पाठीमागे हिरवंगार मैदान आणि आभाळापर्यंत चढत गेलेल्या निळ्या खुर्च्या. खाली मजकूर : ‘माद्रिद (स्पेन) येथील फुटबॉल स्टेडियमचा अभ्यास दौरा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ.’ समस्त ग्रामस्थांपैकी एकालाही विचारलेलं नव्हतं. फ्लेक्सचे पैसे नानांनीच दिले होते, आणि तेही घासाघीस करून.

हे नाना म्हणजे एकच माणूस आहे असं समजू नका. प्रवरेचा डावा कालवा, उजवा कालवा, मुळेचं पाटपाणी, गोदाकाठ, नगर जिल्ह्यात जिथे ऊस आहे तिथे नाना आहेत. साडेचार एकर बागायत, कारखान्याचा शेअर, विकास सोसायटीचं कर्ज, दूध डेअरीत खातं आणि पतसंस्थेत लेकीच्या नावावर ठेव. या माणसाला तुम्ही नाव विचारलं तर नाव सांगेल. पण तुम्ही कोण, असं विचारलंत तर सांगेल, ‘सभासद.’ कारखान्याचा वार्षिक अहवाल घरोघर जातो आणि बहुतेक घरांत त्यावर पापड वाळतात. नाना तो वाचतात, तोही शेवटच्या पानापासून. ‘प्रवास व आतिथ्य’ या खर्चापाशी आले की पेन्सिलीने रेघ मारतात. गेली तीस वर्षं रेघ मारतायत, खर्च काही कमी झालेला नाही.

फुटबॉलशी नानांचा संबंध म्हणाल तर शून्य. नगर शहरात छावणी असल्याने तिथल्या पोरांना हा खेळ ठाऊक. आमच्याकडे खेळ म्हणजे कुस्ती आणि कबड्डी. पण लेक-जावई माद्रिदला, दहा वर्षांचा नातू रेआल माद्रिदचा पांढरा शर्ट घालूनच झोपणारा. आजी-आजोबा आले म्हटल्यावर त्याने राजवाडा नाही, म्युझियम नाही, थेट सांतियागो बेर्नाबेऊ स्टेडियम काढलं. जावयांनी गाईडसकट तिकिटं घेतली. माणशी किती पडले ते नानांना सांगायचं नाही असं ठरलं होतं. नातवाने सांगितलं. नानांनी मनातल्या मनात त्याचे कांदे केले आणि ‘आता पैसे भरलेच आहेत तर सगळं बघायचं’ असं म्हणून चपलेचा पट्टा आवळला.

गाईड पोरगी चुणचुणीत होती. तिने प्रत्येकाला गाव विचारलं. नाना म्हणाले, ‘नगर. आता अहिल्यानगर म्हणायचं.’ नातवाने भाषांतर केलं, ‘मुंबईजवळ.’ नानांना मुंबई तेवढी समजली आणि ते दुखावले. ‘मुंबईजवळ? पुणं नगरजवळ हाय म्हणावं.’ हे पुढे भाषांतरित झालं नाही.

बाकीचे प्रवासी वरच्या सज्जात पोचल्याबरोबर मोबाइल काढून मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. ऐंशी हजारांच्या वर माणूस बसतो, असं गाईड सांगत होती. त्यावर नानी एवढंच म्हणाल्या, ‘एवढ्या खुर्च्या पुसतं कोण?’ संपूर्ण दौऱ्यात त्यांनी विचारलेला हा एकच प्रश्न. माझ्या मते सर्वांत चांगला तोच होता. पण गाईडला तो लागू पडला नाही आणि ती पुढे इतिहासाकडे वळली.

इथे नानांचे कान टवकारले. हे सांतियागो बेर्नाबेऊ म्हणजे कुणी साधुसंत नव्हेत, क्लबचे अध्यक्ष. आधी इथलेच खेळाडू, नंतर १९४३ पासून १९७८ मध्ये मरेपर्यंत खुर्चीवर. पस्तीस वर्षं.

‘चेअरमन!’ नाना म्हणाले. ‘आणि मैदानाला नाव कधी दिलं? गेल्यावर?’

नाही. १९५५ साली, चेअरमन हयात आणि पदावर असताना, सभासदांच्या सर्वसाधारण सभेत ठराव होऊन. नानांनी ‘सूचक कोण, अनुमोदक कोण’ असंही विचारलं. पण ते गाईडच्या पाठांतरात नव्हतं. मात्र सभासद हा शब्द ऐकल्यावर नानांनी तिला सोडलं नाही. त्या लोकांत सभासदाला ‘सोसिओ’ म्हणतात. ‘म्हणजे सोसायटीवाला,’ नाना नातवाला म्हणाले, ‘तू कशाला भाषांतर करतो? मला कळतंय सगळं.’

आणि खरंच कळत होतं. हा क्लब कुणा शेठचा नाही, लाखाच्या घरातल्या सभासदांचा आहे. स्पेनने १९९० साली कायदा करून क्लबांना कंपन्या व्हायला लावलं, त्यातून मोठ्यांपैकी चारच सुटले : माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ आणि ओसासुना. नाना म्हणाले, ‘आपल्याकडं उलटं झालं. कारखाना तोच, धुराडं तेच, पाटीवरचा सहकारी शब्द तेवढा गळला.’ सभासद व्हायचं तर बाहेरच्याला आता दार बंद. आधीच्या सभासदाचं पोर किंवा नातवंड असलं तरच नोंद. ‘वारसनोंद!’ सभेला सगळे येत नाहीत, निवडून दिलेले दोनेक हजार प्रतिनिधी येतात. ‘जेवणाचा खर्च वाचतो.’ अध्यक्षपदाला उभं राहायचं तर वीस वर्षांचं सभासदत्व पाहिजे आणि क्लबच्या अंदाजपत्रकाच्या पंधरा टक्के रकमेची स्वतःच्या ऐपतीवर बँक हमी. अंदाजपत्रक शंभर कोटी युरोंच्या पुढचं. जावयांनी मोबाइलवर हिशेब करून सांगितलं, हमीच रुपयांत हजार कोटींच्या वर. नाना क्षणभर कठड्याला धरून उभे राहिले.

‘मग उभं कोण राहतं?’

हल्लीचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेस. २००९, २०१३, २०१७, २०२१ आणि २०२५, प्रत्येक वेळी दुसरा अर्जच नाही.

‘बिनविरोध,’ नाना हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात जो आदर होता तो मी फक्त विठ्ठलाचं नाव घेताना ऐकला आहे. आमच्या जिल्ह्यात एखादी सोसायटी बिनविरोध करायची तर रात्र-रात्र गाड्या फिरतात, पाहुणे मध्ये घालावे लागतात, कुणाला स्वीकृत संचालक करावं लागतं, अर्ज माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत उमेदवार सांभाळून ठेवावा लागतो. आणि इथे एक कलम लिहून काम झालेलं. ‘आपल्याकडं डिपॉझिट जप्त होतं,’ नाना पारावर सांगतात, ‘तिकडं ते भरताच येत नाही. काय डोकं लावलंय!’

नातू दरम्यान कंटाळून जमिनीवर बसला होता. त्याला चषक बघायचे होते. तिथे काचेआड युरोपियन चषक मांडलेले, पंधरा. मोठ्या कानांची चांदीची भांडी. नानींनी त्यातल्या एकाकडे पाहून ‘यात दोन हंडे पाणी मावेल’ असा अंदाज दिला. पहिले पाच १९५६ ते १९६०, ओळीने. ‘सलग पाच गळीत हंगाम, बंद न पडता,’ नाना म्हणाले आणि टोपी काढून पुन्हा घातली. पडद्यावर जुन्या सामन्यांतले तुकडे चालू होते. खेळाडू पंचाला घेरून हातवारे करत होते, पंच खिशातून कार्ड काढत होता. नातवाने लाल-पिवळ्याचा अर्थ समजावला. नाना म्हणाले, ‘एवढंच? आमच्या वाडिया पार्कला २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत पैलवानानं पंचाला लाथ घातली. तीन वर्षं बाहेर बसवला.’ नातवाच्या नजरेत नगरची किंमत त्या दिवशी एकदम वाढली.

एका गोष्टीवर मात्र नाना बोलले नाहीत, ती त्यांनी मला नंतर, पारावरचे लोक उठून गेल्यावर सांगितली. गाईड म्हणाली होती की हे मैदान १४ डिसेंबर १९४७ ला उघडलं आणि ते बांधायला अध्यक्षांनी माणसा-माणसाकडून रोखे विकून पैसा उभा केला. ते ऐकताना नानांना बाप आठवला. त्याच सुमारास विठ्ठलराव विखे पाटील लोणीच्या आसपास गावोगाव फिरत होते, कारखान्याचे शेअर घ्या म्हणून. धनंजयराव गाडगीळांसारखा पुण्याचा विद्वान सोबतीला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला तो त्या फिरण्यातून. नानांच्या वडिलांनी कालवड विकून शेअर घेतला होता. आई आठ दिवस बोलली नव्हती. ‘त्या लोकांच्या बायका बी बोलल्या नसतील रं,’ नाना म्हणाले. ‘मैदान काय दूध देतं का?’

पण खरा प्रसंग घडला तो गवतावरून.

बेर्नाबेऊचं नूतनीकरण केलं तेव्हा त्यांनी गवत काढता-घालता येईल अशी सोय केली. मैदानाचे लांबट सहा तुकडे होतात, एकेक तुकडा बाजूला सरकून जमिनीखाली जातो. खाली शंभरेक फूट खोल खड्डा. त्यात हे तुकडे एकावर एक, पेंढ्या रचाव्यात तसे. तिथे त्यांना दिवे, पाणी, हवा, सगळं. वर दुसरा कार्यक्रम, खाली गवत वाढतंय. गाण्याचे जलसे तिथे झाले, तेव्हा आजूबाजूच्या रहिवाशांनी आवाजाची तक्रार करून २०२४ साली ते बंदही पाडले. (आमच्याकडे मळीच्या वासाची तक्रार १९८० पासून चालू आहे.) गाईडने हे सगळं पडद्यावर दाखवलं. नानांनी ते दोनदा बघितलं.

‘विहीर साठ फूट हाय माझी,’ ते म्हणाले. ‘आणि हे शंभर फुटांवर पॉलिहाऊस करतात. कशासाठी? हरळीसाठी!’

ज्यांनी ऊस केला नसेल त्यांना या उद्गाराचं दुःख कळायचं नाही. हरळी हे आमच्या बागायतीतलं सात पिढ्यांचं वैर आहे. खुरपून जात नाही, नांगरून जात नाही. एक कांडी राहिली की पुन्हा बांधभर. उन्हाळ्यात मुळ्या वेचून पेटवल्या तरी पावसाळ्यात आहेच. कुणाचा हट्ट सुटत नसला तर आम्ही त्याला हरळीची मुळी म्हणतो. नानांच्या वडिलांची कंबर तिच्यात गेली, नानांचे गुडघे गेले, आणि इथे तिला जमिनीखाली खोली बांधून, दिवे लावून, माणसं पाळत ठेवून वाढवत होते. ते गवत हरळीच्या जातीचं नाही असं जावयांनी सांगून पाहिलं. नाना म्हणाले, ‘तण ते तण.’ मग त्यांनी खाली उतरू द्या म्हणून हट्ट धरला. मुळी किती खोल जाते तेवढं हाताने बघून लगेच वर येतो, म्हणाले. परवानगी नव्हती. पाच मिनिटं समजूत चालली होती. मागच्या टोळीतले जपानी लोक नानांना क्लबचे जुने खेळाडू समजून फोटो काढत होते.

दौरा संपतो तो दुकानात. नातवाने शर्ट मागितला, नानांनी किमतीचं लेबल पाहून ते पुन्हा शर्टात घातलं. जाता जाता गाईडला एकच राहिलेलं विचारलं : ‘सभासदाला दिवाळीला काय देता?’ ती गोंधळली. सभासदांना तिकिटात प्राधान्य मिळतं, असं काहीतरी म्हणाली. ‘साखर नाही?’ नाना म्हणाले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांना आपला कारखाना वरचढ वाटला. बाहेर पडताना पांढऱ्या शर्टातली पोरं ‘अला माद्रिद, अला माद्रिद’ ओरडत चालली होती. नाना थांबून मागे वळले. ‘कोण आला?’

सप्टेंबरात एका कारखान्याची वार्षिक सभा होती. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झालं. ताळेबंद मंजूर, नफा-तोटा मंजूर. ‘मंजूर’ ओरडणारी पोरं नेहमीप्रमाणे पुढच्या तीन ओळींत. आयत्या वेळच्या विषयाला नाना उठले. हातात माद्रिदहून आणलेलं माहितीपत्रक. म्हणाले, ‘स्पेनमध्ये सभासदांनी मैदान बांधलंय. आपल्याकडं शाळेच्या मैदानावर हंगामात ऊसतोडीच्या गाड्या लागतात, हंगाम नसला की शेळ्या. पोरं खेळायची कुठं? ठराव लिहून घ्या.’ त्यानंतर काय झालं ते कुठल्याही सभासदाला सांगावं लागणार नाही. राष्ट्रगीत सुरू झालं. नाना माहितीपत्रकासह ताठ उभे राहिले.

त्यानंतर महिनाभर ते पारावर दिसले नाहीत. एका सकाळी मी शाळेवरून चाललो होतो तर मैदानाच्या कोपऱ्यात, बांबूच्या गोलपोस्टाजवळ, नाना उकिडवे बसलेले. शेजारी घमेलं. घमेल्यात हरळीच्या मुळ्या, आपल्याच बांधावरून खणून आणलेल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. वीतभर अंतरावर एकेक कांडी लावत होते आणि लावून झाल्यावर अंगठ्याने माती दाबत होते, उसाचं बेणं दाबतात तशी. मला बघून जरा ओशाळले. ‘बापानं बघितलं असतं तर पायताण घेऊन मागं लागला असता,’ म्हणाले.

आता चार वाफे धरले आहेत. दिवसाआड संध्याकाळी शाळेची टाकी सोडून पाणी देतात. तेव्हा शेळीवाल्यांना जाहीर विनंती, की सध्या गोलपोस्टाच्या बाजूला जनावरं सोडू नयेत. दुसऱ्या बाजूला काही हरकत नाही.