ताकातले पाणी

दुधात पाणी घातले तर तो गुन्हा ठरतो आणि दह्यात घातले तर आतिथ्य, या नैतिक विसंगतीच्या अभ्यासाला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याइतका योग्य प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. कारण क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात दुधाची सुबत्ता आणि पाण्याची टंचाई एकाच गोठ्यात नांदतात. सकाळी संकलन केंद्रावर गाईच्या दुधाची फॅट, म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळता उरणारे घनपदार्थ, अनुक्रमे ३.५ आणि ८.५ टक्क्यांशी ताडून पाहतात व एका दशांशाच्या घसरणीने घरधन्याचा चेहरा उतरतो. त्याच घरात दुपारी दह्यात किती पाणी पडले याची मात्र कोणी पावती फाडत नाही.

प्राचीन वैद्यांनी ही मोकळीक दिली नव्हती. ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदीय ग्रंथात ताकाचे पाच प्रकार सांगितले आहेत: सायीसह, पाण्याविना घुसळलेले ते घोल, साय काढून, पाण्याविना घुसळलेले ते मथित, चौथाई पाण्याचे तक्र, निम्म्या पाण्याचे उदश्वित, आणि लोणी काढून भरपूर पाणी घातलेली ती छच्छिका. लग्नात जिलेबीसोबत वाढला जाणारा मठ्ठा हे सर्व वर्गीकरण एकाच दिवसात पार करतो, म्हणजे पहिल्या पंगतीला तो तक्र असतो, दुसरीला उदश्वित होतो आणि आचारी व वाढपी जेवायला बसेपर्यंत छच्छिकेच्या पदाला पोचतो.

ताकाचे खरे कर्तृत्व विरजणात असते. विरजणातील जिवाणू दुग्धशर्करेचा, म्हणजे लॅक्टोजचा, काही भाग खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि या आम्लाने सामू ४.६ च्या आसपास उतरला की केसिन हे प्रथिन गोठून दही लागते. ज्यांच्या आतड्यात लॅक्टोज पचवणारे विकर पुरेसे नसते, त्यांना दुधाने पोट गुडगुडते पण दही-ताक सोसते, कारण एक तर शर्करा कमी झालेली असते आणि दुसरे म्हणजे दह्यातील काही जिवाणू ते विकर स्वतःच पुरवतात. आंबट दुधाने आयुष्य वाढते असा सिद्धान्त मांडणारे एली मेचनिकॉफ यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. स्वतः नित्यनेमाने आंबट दूध घेऊनही ते ७१ व्या वर्षी वारले, त्यामुळे ताक पिऊन शंभरी गाठू पाहणाऱ्यांनी शतकाचा हट्ट थोडा सैल ठेवावा. शिवाय ताकाची कढी केली, की हे उपकारी जिवाणू उकळीत कामी येतात. प्रथिने आणि कॅल्शियम तेवढे मागे उरतात, आणि जेवणारा दोन्ही गोष्टींविषयी निर्विकार राहून आणखी एक वाटी मागतो.

कॅल्शियमचा हिशेब मात्र भावनेला धरून चालत नाही. दह्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम धरले आणि एका भागास तीन भाग पाणी घातले, तर २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे ६० मिलिग्रॅम उरते. प्रौढाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम असल्याने केवळ ताकावर हाडे पोसू पाहणाऱ्याला दिवसाला सतरा पेले रिचवावे लागतील, आणि मग हाडांहून अधिक चिंता परसदाराची करावी लागेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर या तीन रक्तांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय घडवली, तिचे दही विरजले तरी हे गणित बदलत नाही. हॉलंड, जर्सी बेट आणि सौराष्ट्र यांच्या सहकार्यात टँकर हा चौथा भागीदार शिरला, की बहुमत त्याचेच होते.

तरीही टँकरचा वाटा सर्वस्वी निरुपयोगी नाही. चैत्र-वैशाखात उन्हातून आलेल्या माणसाने घामावाटे गमावलेले असते ते पाणी आणि मीठ, आणि चिमूटभर सैंधव, जिरे व कोथिंबीर घातलेले पातळ ताक नेमके तेच परत करते. रक्तदाब असणाऱ्याने तेवढी मिठाची चिमूट आवरावी. सारांश, ताक पातळ असेल तर तहानेला हितकर, घट्ट असेल तर हाडांना. आणि लग्नघरी यांपैकी नेमके काय पदरात पडेल हे जाणून घ्यायचे असेल, तर आचाऱ्याला कृती विचारण्यापेक्षा यजमानाला पत्रिका किती वाटल्या ते विचारावे.