टणटण काका

उन्हाळ्याच्या तोंडावर पालघरच्या बाजारात बायका माठाला टिचकी मारून, कान लावून मगच पैसे काढतात. हीच विद्या आमच्या काकांनी तारापूर एमआयडीसीत जन्मभर चालवली. हुद्दा फिटर, खातं मेंटेनन्स, आणि पोरांनी पाठीमागे ठेवलेलं नाव टणटण काका.

ग्राइंडरचा नवा दगड आला की काका त्याच्या भोकात बोट घालून तो अधांतरी धरत, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने चार जागी हलकेच ठोकत आणि मैफलीत बसल्यासारखे डोळे मिटत. ‘टण्’ आलं तर दगड धड. ‘बद्द’ आलं तर आत चीर. पावसाळ्यात मात्र ते घाईने निकाल देत नसत. ‘‘दमट दगडही बद्दच बोलतो. आधी सुकू दे, मग विचारू.’’ सुकूनही बद्द बोलला, तर काका स्वतः हातोड्याने त्याचे तुकडे करत. ‘‘भंगारातनं उचलून उद्या एखादा शहाणा परत चढवेल.’’

मग पुढची तपासणी. दगडावरचा फेऱ्यांचा आकडा मशीनच्या आकड्याहून कमी नको. दोन्ही अंगांना कागदी चकती हवी. टूल रेस्ट आणि दगड यांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. ‘‘फट वाढली की आधी जॉब आत जातो, मग बोट त्याला शोधायला जातं.’’ हातमोजे घालून ग्राइंडरवर आलेल्याला ते लग्नात आलेल्या वऱ्हाड्यासारखं सन्मानाने बाहेर नेऊन बसवत.

मी आयटीआयतून नवा लागलो होतो. पहिल्याच दिवशी दगडासमोर उभा राहून बटण दाबायला गेलो, तर काकांनी कॉलर धरून बाजूला ओढलं. ‘‘2800 फेऱ्या. आठ इंची दगडाची कड ताशी 105 किलोमीटरनं पळते. डहाणू लोकल येताना रुळावर उभा राहतोस का?’’ नवा दगड मिनिटभर रिकामा फिरवायचा आणि आपण कडेला उभं राहायचं. जो फुटायचा तो बहुधा सुरुवातीलाच फुटतो, हा त्यांचा सिद्धांत. काकूंनी मिक्सर लावला तरी ते दाराच्या चौकटीआड जाऊन उभे राहत.

कारखाना कायदा, 1948, कलम 30 त्यांना मारुतिस्तोत्रासारखं पाठ. दगडाचा सुरक्षित वेग सांगणारी पाटी मशीनजवळ हवीच, म्हणून त्यांनी ती स्वतः रंगवून लावली. शेठनी तिच्याखाली लिंबू-मिरची बांधली. काका श्रद्धेच्या आड आले नाहीत. फक्त दोरा लोंबत होता, तो आखूड कापला. खंडेनवमीला ग्राइंडरला झेंडूची माळ घालून मनोभावे नमस्कार करत आणि प्लग काढून खिशात ठेवत. देवाला विश्रांती आणि आपल्याला खात्री.

निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरसाहेब बोलायला उठले, तसे काका सवयीने बाजूला सरकले. मिनिटभराने, धोका टळल्यावर, खुर्चीत बसले. मग काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. काकांनी खिशातलं पेन काढून त्यावर हळूच ठोकलं.

बद्द.

सभागृहात शांतता. काकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि पिशवीत टाकलं.

‘‘असू दे,’’ ते म्हणाले. ‘‘हे कुठे फिरवायचंय!’’