चंद्रभागेकाठी, दुपारी दोन वाजता

आमचे साळे दादरला राहतात. एका हाताला शिवाजी पार्क आणि दुसऱ्या हाताला समुद्र. ह्या दोन्ही गोष्टी आपल्या वडिलांनीच बांधून घेतल्या असाव्यात, अशा थाटात ते बोलतात. परवाच्या मे महिन्यात ते बहिणीला भेटायला कळमेश्वरला आले, तेही ऐन नवतपात. 25 मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि पुढचे नऊ दिवस आमच्याकडे लग्नाची बोलणी, उधारीची वसुली आणि नवरा-बायकोची भांडणं संध्याकाळी पाचनंतरच होतात.

सकाळी कूलरपुढे मांडी घालून पोहे खाता खाता साळेसाहेब म्हणाले, ‘‘भाऊजी, आमच्या मुंबईत घामानं जीव जातो. तुमचं ऊन कोरडं. ते लागत नाही.’’

हे वाक्य नागपूर स्टेशनावर उतरलेला प्रत्येक मुंबईकर एकदा तरी म्हणतोच. तिकिटावरच छापलेलं असावं. मी वाद घातला नाही. बायकोच्या माहेरच्या माणसाशी हवामानावरून भांडू नये, इतकं शहाणपण पंचवीस वर्षांच्या संसारात येतं.

पण त्यांचं पुढचं वाक्य बायकोला लागलं. ‘‘इथं पाण्याकाठी फिरण्यासारखं काहीच नसेल ना?’’

‘‘नसायला काय झालं, दादा? धापेवाडा आहे. चंद्रभागा आहे.’’

‘‘चंद्रभागा पंढरपूरला असते.’’

‘‘आमच्याकडेही असते!’’ ह्या ‘आमच्याकडे’नं मला मनातून फार बरं वाटलं. लग्नानंतर पंचवीस वर्षांनी बाई पूर्णपणे कळमेश्वरची झाली ती ह्या क्षणी.

साळेसाहेबांची गाडी संध्याकाळची होती. त्यामुळे धापेवाडा, हे विदर्भाचं पंढरपूर, पाहायचं तर दुपारीच, म्हणजे दीड वाजता निघून. बायको म्हणाली, ‘‘तुम्ही दोघं जा. मी दवाखान्याचा नंबर काढून ठेवते.’’

तयारी पाऊण तास चालली. मी दुपट्टा असा बांधला की फक्त डोळे उरले. साळेसाहेबांनी टोपी घातली. तिच्यावर नारळाच्या झाडाचं चित्र होतं. त्यांच्या खिशात मी गुपचूप एक कांदा टाकला. मोटरसायकलच्या सीटवर तांब्याभर पाणी ओतलं, तेव्हा ‘चर्र’ आवाज आला. साळेसाहेब म्हणाले, ‘‘फोडणीसारखं वाटलं नाही?’’ तेवढ्यात ते बसले आणि उपमा किती अचूक होती हे त्यांना कळलं.

बाहेर अख्खं कयमेश्वर झोपलेलं. (आमच्याकडे ‘ळ’ जिभेवर टिकत नाही, उन्हानं त्याचा ‘य’ होतो.) रसवंतीची घुंगरं गप्प होती. ट्रकखाली दोन कुत्री आणि त्यांच्या शेजारी बहुधा ट्रकचा क्लीनर. रस्त्यालगतच्या संत्र्याच्या बागा तेवढ्या हिरव्या दिसत होत्या. पण त्यांच्याकडे पाहून डोळे गार होतात, डोकं नाही.

धापेवाड्यात घाटाच्या अलीकडे एका पानटपरीच्या फळीआडून फक्त आवाज आला, ‘‘कुठी चालले काका, एवढ्या उन्हाचे?’’

‘‘नदीवर. फिरायला.’’

थोडा वेळ शांतता. मग फार आपुलकीनं प्रश्न आला, ‘‘काऊन? घरी काही झालं का?’’

घाटावर आम्ही दोघंच. पायऱ्या मोकळ्या, वारा बंद, आवाज कसलाही नाही. इतकी एकांताची नदीकाठची जागा काश्मीरमध्येही पैसे टाकून मिळणार नाही. पाणी होतं, पण ते एका जागी जमून सावरून बसलं होतं. त्यात पाच-सहा म्हशी नाकापर्यंत बुडून पडलेल्या. ह्या धंद्यातल्या खऱ्या जाणकार त्याच. साळेसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्या नजरेत हेवा होता.

‘‘हे पाणी पुढे कुठं जातं?’’

‘‘कन्हानला. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा पुढं प्राणहिता होऊन गोदावरीला. म्हणजे बंगालच्या उपसागरात.’’ आणि मग राहवलं नाही म्हणून सांगून टाकलं, ‘‘पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा. तीही कृष्णेतून तिकडंच जाते. तुमच्या अरबी समुद्राशी दोघींचाही संबंध नाही.’’

साळेसाहेबांनी मोबाइल काढला. पंचेचाळीस. आता मला चेव चढला. पंचेचाळीस हे काय तापमान आहे? 23 मे 2013ला नागपुरात 47.9 झालं होतं. 2024च्या 30 मेला तर एका स्वयंचलित केंद्रानं छप्पन्न दाखवलं! मग हवामान खात्यानं यंत्र बिघडल्याचं सांगितलं आणि आम्ही सगळे हिरमुसलो. छप्पन्न अंश सोसल्याचा रुबाब जेमतेम दोन-तीन दिवस मिरवायला मिळाला. आमचे एक शेजारी अजूनही यंत्राच्याच बाजूचे आहेत.

‘‘पण बघा, मला घाम नाही,’’ साळेसाहेब विजयानं म्हणाले.

इथंच मुंबईचा माणूस फसतो. घाम येत असतोच, तो दिसायच्या आत उडून जातो एवढंच. कूलरही ह्याच हिशेबानं चालतो. वाळ्यावरचं पाणी उडतं आणि हवा गार होते. म्हणजे उन्हाळ्यात विदर्भातला माणूस हा चालताबोलता कूलरच असतो, फक्त टाकी भरत राहावी लागते. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती अर्धी प्यायली आणि उरलेली नारळाच्या झाडाला घातली.

आता मंदिर. चपला बाहेर काढल्या आणि साळेसाहेब आयुष्यात पहिल्यांदा भजनाविना नाचले. तापलेल्या फरशीवर आमची माणसं टाचांवर, ठरावीक लयीत, सावली हेरत जातात. ते पंजांवर गेले, परत फिरले, पुन्हा गेले आणि शेवटी ‘पांडुरंगा!’ असं ओरडत थेट मंडपात पोचले. इतकी कळकळीची हाक देवानं बऱ्याच दिवसांत ऐकली नसेल.

आत गार होतं. आषाढी आटोपली की पंढरपूरचा विठोबा इकडे येतो अशी आमच्याकडची श्रद्धा. तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसते. ‘‘आषाढातच का?’’ साळेसाहेबांनी तळवे चोळत विचारलं. मी म्हटलं, ‘‘मे महिन्यात विदर्भात येऊ नये, हे देवाला कळतं.’’

ते बराच वेळ विठोबाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, ‘‘भाऊजी, तो विटेवर का उभा आहे, ते मला आज समजलं.’’

घरी आलो तेव्हा त्यांच्या काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. पाठीवर तर कोकण किनारपट्टी अगदी स्पष्ट. बायकोनं न बोलता कैरीचं पन्हं पुढं ठेवलं, एक ग्लास, दोन, चार. मग बादलीभर पाणी आणलं. खिशातला कांदा सापडला तेव्हा तो मी टाकला की देवानं, एवढंही विचारायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

थोड्या वेळानं मी आत डोकावलो. साळेसाहेब कूलरपुढे, दोन्ही पाय बादलीत घालून, डोक्यावर ओला टॉवेल ठेवून दादरला फोन करत होते.

‘‘छे गं, काही त्रास नाही. कोरडं ऊन आहे इथलं. लागत नाही.’’